कोजागरीच्या संध्याकाळी माथ्यावर

शहागड हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील गोदाकाठचे गाव. धुळे–सोलापूर महामार्गाने जाणाऱ्यांना ते गोदावरीवरच्या पुलामुळे आठवते. ९ ऑक्टोबर २०२२ ला रविवार होता आणि कोजागरी पौर्णिमाही होती. सूर्य मावळून पाऊण तास होत आला होता, पूर्वेला पूर्ण चंद्र वर आलेला होता आणि घरोघरी दूध आटवण्याची तयारी चालली होती. बरोबर सहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी या गावाच्या जवळजवळ माथ्यावरून गॅमा किरणांचा एक लोंढा पृथ्वीवर येऊ लागला. तीन-चार मिनिटांनी त्याने जो जोर धरला, तेवढा जोर असलेला गॅमा किरण स्फोट माणसाने त्यापूर्वी कधीही नोंदवलेला नव्हता. असा प्रखर स्फोट सरासरी दहा हजार वर्षांतून एकदाच पृथ्वीवरून दिसत असावा, असा अंदाज संशोधकांनी पुढे मांडला.

गावात कोणालाही काही जाणवले नाही, आणि जाणवण्याचे कारणही नव्हते. गॅमा किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि वातावरण त्यांना जमिनीपर्यंत येऊ देत नाही. पण वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरात त्या संध्याकाळी मोजता येईल एवढी खळबळ माजली. आकाशातील विजांची नोंद घेणाऱ्या भारतातील उपकरणांनाही तिची चाहूल लागली.

स्फोट शहागडच्या माथ्यावर होता हे आम्ही कशावरून म्हणतो? भूगोलाच्या तासाला सांगता येईल असा हा साधा हिशेब आहे. पृथ्वीवरील गावाला जसा अक्षांश, तशी आकाशातील ताऱ्याला 'क्रांती' असते, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे त्याचे अंशात्मक अंतर. ज्या ताऱ्याची क्रांती आपल्या अक्षांशाएवढी, तो दररोज एकदा आपल्या थेट डोक्यावरून जातो. या स्फोटाच्या स्थानाची क्रांती सुमारे १९.८ अंश उत्तर आहे आणि शहागडचा अक्षांश सुमारे १९.४ अंश उत्तर. म्हणजे फरक अर्ध्या अंशाच्या आत, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीहून कमी. त्या संध्याकाळी हे स्थान वीसएक मिनिटांपूर्वीच डोक्यावरून सरकून पश्चिमेला सुमारे पाच अंश कलले होते. ते थेट डोक्यावर होते ते पालघरच्या किनाऱ्यापलीकडच्या अरबी समुद्रात.

'कोजागरी' या शब्दात 'कोण जागे आहे?' हा प्रश्न आहे. या लेखात आपण तोच प्रश्न निराळ्या अर्थाने विचारणार आहोत. काही मिनिटांत संपणाऱ्या अशा स्फोटाबद्दल आपल्याला जे काही कळते, त्यातले बहुतेक सारे स्फोट संपल्यानंतर जागे राहणाऱ्यांनी गोळा केलेले असते.

तीस वर्षांचे कोडे

गॅमा किरण स्फोटांचा शोध अपघातानेच लागला. कोणी चोरून अणुचाचणी करते का, हे पाहण्यासाठी अमेरिकेने 'वेला' नावाचे उपग्रह सोडले होते. २ जुलै १९६७ ला त्यांना गॅमा किरणांची एक झळक मिळाली. ती पृथ्वीवरून आलेली नव्हती आणि सूर्याकडूनही आलेली नव्हती. तशा आणखी झळका मिळत गेल्या आणि १९७३ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध झाली.

मात्र या झळका किती दुरून येतात, हे पुढे जवळजवळ पाव शतक कळले नाही. अडचण साधी होती. आपले डोळे किंवा कॅमेरा भिंगाने प्रकाश एका बिंदूत गोळा करतात, म्हणून 'प्रकाश इथून आला' असे बोट ठेवता येते. गॅमा किरण भिंगातून वळत नाहीत, आणि नेहमीच्या आरशावरून परावर्तितही होत नाहीत. त्यामुळे स्फोट आकाशाच्या साधारण कोणत्या भागात झाला एवढेच समजे. तेवढ्या भागात हजारो तारे आणि दीर्घिका असतात. त्यांतली नेमकी कोणती, हे कसे ठरवणार?

कॉम्प्टन उपग्रहावरच्या उपकरणाने १९९१ ते २००० या काळात २,७०४ स्फोट नोंदवले. ते आकाशगंगेच्या पट्ट्यात न दाटता सर्व दिशांना सारखे विखुरलेले होते. यावरून ते फार दूरचे असावेत असा तर्क निघाला, पण तर्क म्हणजे मोजमाप नव्हे.

कोडे सुटले ते २८ फेब्रुवारी १९९७ ला. त्या दिवशीचा स्फोट बेप्पोसॅक्स या इटली व नेदरलँड्सच्या उपग्रहाने पकडला. काही तासांनी त्याच दिशेला त्याला क्ष-किरणांचा एक क्षीण, मंदावत जाणारा ठिपका सापडला. क्ष-किरणांच्या ठिपक्याची जागा बरीच नेमकी सांगता येते. त्या जागेकडे ला पाल्मा बेटावरील मोठी दुर्बीण वळवण्यात आली. पहिल्या छायाचित्रात एक नवा ठिपका होता, आठवड्याभराने घेतलेल्या छायाचित्रात तो नव्हता. गॅमा किरण स्फोटामागे उरलेला दृश्य प्रकाश माणसाने प्रथमच पाहिला होता. इंग्रजीत याला 'आफ्टरग्लो' म्हणतात, आपण त्याला 'उत्तरदीप्ती' म्हणू. त्याच वर्षी मे महिन्यातल्या दुसऱ्या एका स्फोटाच्या उत्तरदीप्तीचा वर्णपट मिळाला आणि हे स्फोट अब्जावधी प्रकाशवर्षे दूर होतात यावर शिक्कामोर्तब झाले.

भारतातील खगोलशास्त्रज्ञही लवकरच या कामात उतरले. नैनितालची १०४ सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण १९९९ च्या जानेवारीतील एका प्रसिद्ध स्फोटापासून उत्तरदीप्तींचा पाठलाग करू लागली. पुण्याच्या उत्तरेला नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. २९ मार्च २००३ च्या स्फोटाची रेडिओ उत्तरदीप्ती तिने दीर्घकाळ मोजली.

स्फोट संपतो, दीप्ती का उरते?

सूर्याच्या कितीतरी पट वस्तुमानाचा तारा इंधन संपल्यावर आपल्याच भाराने कोसळतो. त्याच्या गाभ्याचे बहुधा कृष्णविवर होते. गाभ्याकडे कोसळणाऱ्या द्रव्यातून दोन विरुद्ध दिशांना दोन अरुंद झोत फुटतात आणि जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने ताऱ्याला भेदून बाहेर पडतात. झोताचे तोंड योगायोगाने आपल्याकडे असेल, तर आपल्याला गॅमा किरणांचा स्फोट दिसतो. दीर्घ मुदतीचे, म्हणजे दोन सेकंदांहून अधिक काळ टिकणारे बहुतेक स्फोट असे होतात.

पण झोत तेवढ्यावर थांबत नाही. ताऱ्याभोवती विरळ वायू असतो, झोत त्यात घुसतो आणि त्याला पुढे रेटत जातो. नदीत वेगाने जाणाऱ्या होडीपुढे पाण्याची लाट उभी राहते, तशी तिथे आघात-लाट तयार होते. लाटेतील इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेताना प्रारण बाहेर टाकतात. तापलेले लोखंड तांबडे दिसते तसा हा उष्णतेचा प्रकाश नव्हे. त्यात क्ष-किरण, दृश्य प्रकाश आणि रेडिओ लहरी एकाच वेळी असतात. झोत वायू ढकलत ढकलत मंदावतो, तशी ही दीप्ती विझत जाते. क्ष-किरण आणि दृश्य प्रकाश पहिल्या तासांत व दिवसांत जोरात असतात, रेडिओ लहरी मात्र कित्येक आठवडे, कधी वर्षानुवर्षे मिळत राहतात. म्हणूनच या कामाला उपग्रह, हिमालयातील आरसा आणि खोडदची अँटेना हे सगळे लागतात.

पहिला तास, पहिली चूक

आता पुन्हा कोजागरीच्या संध्याकाळकडे वळू. ६ वाजून ४७ मिनिटांची नोंद फर्मी या उपग्रहाची आहे. फर्मीला स्फोट उत्तम कळतो, पण त्याची जागा तो ढोबळच सांगू शकतो. नेमकी जागा सांगणे हे स्विफ्ट या उपग्रहाचे काम. स्फोट दिसताच तो स्वतःहून तिकडे वळतो आणि आपली क्ष-किरण व दृश्य प्रकाशाची दुर्बीण रोखतो. पण त्या क्षणी स्विफ्ट आणि स्फोट यांच्यामध्ये नेमकी पृथ्वी आली होती.

७ वाजून ४० मिनिटांनी, म्हणजे त्रेपन्न मिनिटांनंतर, स्विफ्टने इशारा दिला. तोवर मुख्य स्फोट संपून गेला होता. स्विफ्टने पकडली ती उत्तरदीप्तीच, आणि ती इतकी प्रखर होती की तिलाच नवी घटना समजण्यात आले. शिवाय हे स्थान आकाशगंगेच्या पट्ट्यालगत होते. त्यामुळे आपल्याच दीर्घिकेतील एखादा क्ष-किरण तारा भडकला असावा, असा पहिला अंदाज बांधला गेला आणि त्याला तशा ताऱ्याचे नावही मिळाले. काही तासांनी फर्मीची नोंद आणि स्विफ्टची नोंद शेजारी ठेवल्यावर उलगडा झाला की या दोन घटना नसून एकच आहे. मग त्याला रीतसर नाव मिळाले, जीआरबी २२१००९ए. यातील आकडे म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस, आणि 'ए' म्हणजे त्या दिवशीचा पहिला स्फोट.

चूक दुरुस्त झाली, पण खात्री पटवायची तर अंतर मोजायला हवे होते. त्यासाठी संध्याकाळ पुढे सरकत अटलांटिक ओलांडून दक्षिण अमेरिकेत पोचावी लागली. चिलीतील व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीने उत्तरदीप्तीचा वर्णपट घेतला. दूरच्या दीर्घिकेतील वायूच्या रेषा वर्णपटात तांबड्या टोकाकडे सरकलेल्या दिसतात, याला ताम्रसृती म्हणतात. इथे प्रत्येक तरंगलांबी १५.१ टक्क्यांनी वाढलेली होती. सोडियमची ५८९ नॅनोमीटरची पिवळी रेषा इतक्या सरकण्याने ६७८ नॅनोमीटरला, म्हणजे तांबड्या रंगात जाते. यावरून हिशेब निघाला की हा प्रकाश सुमारे १९० कोटी वर्षांपूर्वी निघाला होता. शहागडच्या परिसरातील काळा पाषाण ज्या लाव्ह्यातून घडला, तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हा प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर सूक्ष्मजीवांपलीकडे फारसे काही नव्हते. आणि तरीही या जातीच्या स्फोटांत हा 'जवळचा' गणला जातो.

उतरती रेषा काय सांगते?

उत्तरदीप्तीचा पाठलाग म्हणजे ठरावीक काळाने तिची तेजस्विता मोजत राहणे. ऐकायला रुक्ष वाटणारे हे काम एका आलेखात मांडले की बोलू लागते.

उदाहरणासाठी एक काल्पनिक उत्तरदीप्ती घेऊ. तिची तेजस्विता काळाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते असे समजा, म्हणजे काळ दसपट झाला की प्रकाश एक दशांश. ताऱ्यांची तेजस्विता 'प्रती'मध्ये मोजतात. प्रत जितकी मोठी, तितका तारा मंद. प्रकाश एक दशांश झाला की प्रत अडीचने वाढते. स्फोटानंतर एका तासाने आपली दीप्ती सोळाव्या प्रतीची असेल, तर दहा तासांनी ती १८.५, शंभर तासांनी २१ आणि हजार तासांनी, म्हणजे सुमारे सहा आठवड्यांनी, २३.५ प्रतीची होईल. नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचेच तारे दिसतात. म्हणजे पहिल्या तासाची दीप्तीही त्याच्या दहा हजारपट मंद असते, आणि पहिली रात्र हुकली तर मध्यम आकाराच्या दुर्बिणीच्या हाती फारसे काही उरत नाही.

काळ आणि प्रकाश या दोहोंचे लॉग घेऊन आलेख काढला, तर अशा दीप्तीची सरळ उतरती रेषा येते. तिच्याकडे तीन प्रश्न घेऊन पाहायचे असते.

पहिला प्रश्न, रेषा मध्येच अधिक उतरती होते का? झोत अतिशय वेगवान असताना त्याच्या अगदी थोड्या भागाचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचतो. तो मंदावतो तसा अधिकाधिक भाग दिसू लागतो आणि विझण्याचा वेग थोडा सावरला जातो. पण एकदा कडेपर्यंतचा सारा झोत दिसू लागला की दिसण्यासारखे नवे काही राहत नाही, आणि रेषा एकाएकी जास्त उतरते. हा मोड केव्हा आला त्यावरून झोताचा कोन निघतो.

या कोनाला एवढे महत्त्व का? कोजागरीच्या स्फोटाची ऊर्जा सर्व दिशांना सारखी गेली असे धरले, तर ती सुमारे १०^४८ ज्यूल भरते. सूर्य आपल्या संपूर्ण आयुष्यात सुमारे १०^४४ ज्यूल ऊर्जा टाकतो. म्हणजे दहा हजार सूर्यांच्या आयुष्याची ऊर्जा काही मिनिटांत! एका ताऱ्याकडे एवढी ऊर्जा यावी कुठून? चीनमधील ल्हासो या वेधशाळेने या स्फोटाचे ६४,००० हून अधिक अतिऊर्जावान प्रकाशकण नोंदवले. त्यांच्या उतरत्या रेषेतील मोडावरून झोताचा अर्धकोन सुमारे ०.८ अंश असल्याचा निष्कर्ष निघाला. एवढा अरुंद झोत, आणि त्याचा विरुद्ध दिशेचा जोडीदार, मिळून आकाशाचा जेमतेम दहा हजारावा भाग व्यापतात. म्हणजे खरी ऊर्जाही तितक्याच पटीने कमी, एका सूर्याच्या आयुष्याइतकी. क्ष-किरण आणि दृश्य प्रकाशाच्या रेषेत मात्र इतका स्वच्छ मोड दिसला नाही. म्हणून झोताचा गाभा अरुंद पण कडा पसरट असावी, अशी मांडणी काही संशोधकांनी केली आहे.

दुसरा प्रश्न, दोन-तीन आठवड्यांनी रेषेवर उंचवटा येतो का? तारा खरोखरच कोसळला असेल, तर त्याच्या चिंधड्यांचा अतिनवतारा, म्हणजे सुपरनोव्हा, त्या सुमारास तेजाच्या शिखरावर येतो. २००३ च्या मार्चमधील स्फोटात तो ठळकपणे दिसला होता. या स्फोटात ते काम अवघड झाले. आकाशगंगेच्या पट्ट्यातील धूळ वाटेत होती, उत्तरदीप्ती स्वतःच प्रखर होती आणि पुढच्या आठवड्यांत सूर्य त्या दिशेकडे सरकू लागला. लडाखमध्ये हानले येथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर ७० सेंटिमीटर आरशाची 'ग्रोथ-इंडिया' दुर्बीण आहे. आयआयटी मुंबई आणि बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था मिळून ती चालवतात, आणि ती स्वयंचलित आहे. या दुर्बिणीची निरीक्षणे इतर दुर्बिणींच्या निरीक्षणांशी जोडून २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष जपून मांडलेला होता: अतिनवताऱ्याच्या बाजूने मध्यम पुरावा आहे, पण तो निर्णायक नाही. साडेपाच महिन्यांनी जेम्स वेब दुर्बिणीने तिकडे पाहिले आणि २०२४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. अतिनवतारा होता, पण अगदी साधारण! इतक्या असाधारण स्फोटामागे इतका साधारण अतिनवतारा का, हा प्रश्न पुढच्यांसाठी शिल्लक आहे.

तिसरा प्रश्न, रेषा मागे ताणली तर ती कोणत्या क्षणाला जाऊन भिडते? याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राशी जोडलेले आहे. ४ जानेवारी २०१७ ला दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून आलेल्या गुरुत्वीय लहरी नोंदल्या गेल्या. दुसऱ्याच दिवशी आकाशाच्या त्याच भागात हवाईच्या 'अ‍ॅटलास' दुर्बिणीला झपाट्याने मंदावणारा एक ठिपका दिसला. कृष्णविवरांच्या धडकेतून प्रकाश मिळाला, असे म्हणण्याचा मोह व्हावा असाच तो योगायोग होता. पण भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरील उपकरणाने त्या गुरुत्वीय लहरींनंतर सुमारे वीस तासांनी झालेला एक वेगळा गॅमा किरण स्फोट नोंदवलेला होता. आयआयटी मुंबई व पुण्याच्या आयुका या संस्थांतील संशोधकांनी इतरांसह निरनिराळ्या तरंगलांबींची निरीक्षणे एकत्र आणली. ठिपक्याच्या मंदावण्याचा मेळ या स्फोटाशी बसला, कृष्णविवरांशी नाही. ती त्या स्फोटाची उत्तरदीप्ती होती, फक्त दिशा योगायोगाने एक होती. मोठा शोध लागल्याचा आनंद गेला, पण एक मोठी चूक विज्ञानात शिरण्यापूर्वीच थांबली. आमच्या मते हे दुसरे काम पहिल्याइतकेच मोलाचे आहे.

कोण जागे आहे?

उतरत्या रेषेत मोठी खिंडारे राहिली, तर मोड, उंचवटा आणि आरंभ यांपैकी काहीच सांगता येत नाही. एका ठिकाणी उजाडले की पुढच्या ठिकाणी अंधार पडलेला असावा लागतो. कॅनरी बेटे, चिली, हवाई, ऑस्ट्रेलिया या ठिकाणी मोठ्या दुर्बिणी आहेत. पण ऑस्ट्रेलियात पहाट झाल्यापासून अटलांटिकच्या बेटांवर रात्र होईपर्यंतचे तास सांभाळायचे असतील, तर भारताच्या रेखांशावर कोणीतरी जागे हवे. स्फोटाची सूचना जगभर काही क्षणांत जाते आणि प्रत्येक गट आपले मोजमाप छोट्या टिपणाने सर्वांना कळवतो. कोणा एकाकडे अख्खा आलेख नसतो, तो सर्वांचा मिळून होतो.

वर्गात करून पाहा

१. वर दिलेल्या काल्पनिक उत्तरदीप्तीचा आलेख आधी साध्या कागदावर आणि मग लॉग घेऊन काढून घ्या. साध्या आलेखात सारे काही डावीकडच्या कोपऱ्यात का गर्दी करते, हे मुलांना विचारा.

२. त्याच आकड्यांतून दहा ते शंभर तासांमधले सगळे बिंदू खोडा. शंभर तासांनंतर रेषा दुप्पट उतारावर आली असे समजून पुढचे बिंदू मांडा आणि दुसऱ्या गटाला मोडाची वेळ शोधायला सांगा. खिंडाराची किंमत त्यांना आपोआप कळेल.

३. ऑक्टोबरमध्ये अंधार पडताच डोक्यावर पाहा. अभिजित आणि श्रवण हे दोन तेजस्वी तारे कल्पनेने रेषेने जोडा. श्रवणाकडून निघून या रेषेचे सुमारे दोन पंचमांश अंतर गेले की जीआरबी २२१००९एची जागा येते. शहागड, अंबड, गेवराई, पैठण या पट्ट्यातील शाळांना त्यासाठी मान सरळ वर करावी लागेल.

तिथे आता काहीच दिसणार नाही. मुलांना तसे आधीच सांगा. मग विचारा, जिथे काहीच दिसत नाही तिथे एक तारा १९० कोटी वर्षांपूर्वी कोसळला, हे आपण कशाच्या आधारावर म्हणतो? हा लेख वाचलेल्या मुलांनी या प्रश्नाला पुराव्यांची साखळी जोडून उत्तर दिले, तर तो तास कारणी लागला असे समजावे.